टॉर्च विज्याकडे होती तेव्हा

समस्त उरणकरांस गंभीरपणे कळवण्यात येते की, भुतांच्या गेममध्ये वातावरण मोठं की खेळ मोठा, या जागतिक प्रश्नावर मी आणि माझा शाळासोबती विज्या वर्षभर भांडलो आणि दोघेही हरलो. काल लेकीचा लॅपटॉप तापला, गरम धुळीचा वास सुटला, आणि मी मनाने थेट शाळेच्या दिवसांतल्या, बाजारातल्या त्या जुन्या सायबर कॅफेत पोचलो.

एकाच कॉम्प्युटरवर आम्ही दोघं खेळायचो. कीबोर्ड माझा, म्हणजे चालणं-पळणं माझं. माऊस विज्याचा, म्हणजे इकडेतिकडे बघणं आणि टॉर्च मारणं त्याचं. मी ओसाड बंगल्यातल्या ओल्या भिंतींपाशी रेंगाळायचो, दूर कुरकुरणारं दार ऐकत राहायचो.

विज्या वैतागायचा. "घर भाड्यानं घ्यायला आलास काय रं? पळ ना!"

"अरे, वातावरण बघ!"

"वातावरण बघाय आपलं मिठागर हाय की! तिकडं तरी कोन हाय?"

मग विज्या जहाजावर नोकरीला लागला आणि गेला. त्यानंतरच्या एका दुपारी मी पहिल्यांदाच एकटा खेळायला बसलो. बाहेर रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर घरघरत होते. बंगला तोच होता, पण भीती वाटेना. नुसतंच रिकामं वाटत होतं. इतक्यात पडद्यावर बंगल्याच्या बोळात अंधार झाला, मागे कुणीतरी श्वास घेतला आणि मी सवयीने दोन्ही हातांनी कीबोर्डच बडवू लागलो.

सगळा कॅफे वळून बघायला लागला. तेव्हा लाजेनं मेलो होतो, आज मात्र त्या पोरावर माया येते. मी रिकाम्या खुर्चीकडे बघून ओरडलो होतो, "विज्या, टॉर्च मार ना रं!"