क्लच दाबला तेव्हा

शेजारच्या हेंकच्या घरच्या गॅरेजमधून गरम ऑइलचा वास आला की मला उइटहॉर्न या आमच्या डच गावातला दहा वर्षांपूर्वीचा एक शनिवार आठवतो. माझ्या जुन्या मोटरसायकलचं इंजिन टकटक करत होतं. हेंकने लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक चालू इंजिनाला टेकवलं आणि मूठ माझ्या मुलीच्या, ईराच्या कानाशी धरली. ती डोळे मिटून ऐकू लागली. माझं बोलणं तिने इतकं मन लावून कधी ऐकलं नव्हतं.

“व्हॉल्व्ह असणार,” मी म्हणालो.

“बाबा, तू गप्प बस ना जरा!”

मग ती हेंकशी डचमध्ये काहीतरी बोलली आणि दोघं हसली. चिडून मी क्लच दाबला, तर टकटक एकदम थांबली. दोष क्लचमध्येच होता! ईरा आनंदाने ओरडली, पण टाळी तिने हेंकला दिली.

लहान आहे, हे हेंकचं वेड विसरेल, असं तेव्हा वाटलं होतं. आता ती डेल्फ्टला इंजिनिअरिंग शिकते. विम्याचं काही असलं की मला फोन करते, गाडीचं असलं की हेंकला.

तेव्हा नव्या क्लचचे दोनशे चाळीस युरो मी गावातल्या मेकॅनिकला दिले. हेंकने मात्र त्या शनिवारचा एक सेंटही घेतला नाही, आणि तेच मला अजून खुपतं.