बचावठाण्याच्या उतारावर

जुनं बचावठाणं बघायची हौस ह्यांची. कुवेतला येऊन इतकी वर्षं झाली, अबू हलीफातल्या आपल्या फ्लॅटपासून गाडीने जरासं पुढे, आणि आपण पाहिलंच नाही म्हणे. मी रत्नागिरीची, खाडीत पोहत वाढलेली. हे महाडकडचे, अकाउंटंट, पाण्याला बिचकणारे. बुडणाऱ्यांना आणायला जी लाकडी होडी इथून सुटायची, ती आता शेडमध्ये साखळीने बांधून ठेवलीय. होडी ढकलायचा दगडी उतार मात्र अजून थेट समुद्रात जातो. त्या शुक्रवारी वारा पिसाळला होता आणि लाटा उतारावर आपटत होत्या. आम्ही दोघं आणि तिथला हिंदी बोलणारा वॉचमन, एवढेच.

ह्यांना अख्ख्या शेडचा फोटो हवा होता. फोन डोळ्यांपुढे धरून उलट्या पावलांनी उतरायला लागले.

"अहो, शेवाळ आहे तिथे," मी म्हटलं.

"कळतं मला," म्हणाले आणि गेले. एका लाटेने पाय घसरवले, दुसरीने आत ओढलं.

मी ओढणी फेकली आणि उडी मारली. गाठलं तेव्हा हे गटांगळ्या खात होते. मला बघताच माझ्या डोक्यावरच चढले. गळ्याला अशी मिठी घातली की माझा श्वास बंद. मी खाली, हे वर. निकाहापासून ज्यांना कधी अरेतुरे केलं नाही, त्यांच्यावर मी ओरडले, "सोड मेल्या, दोघंही मरू." सोडेनात. मग नाकावर मूठ हाणली. परत हाणली. मनगटाला कडकडून चावले. पाण्यात रक्त दिसलं. हात सुटले तसे केस धरले आणि फरफटत आणलं. लाटेने दोघांना दगडावर आदळलं, माझा गुडघा फुटला. वॉचमनने ह्यांना कॉलर धरून वर ओढलं.

हे ओकले, खोकले, श्वास घ्यायला लागले. आणि माझं डोकंच फिरलं. छातीवर बसून थोबाडीत मारत सुटले. "फोटो हवा होता ना? काढ आता फोटो." मला थांबताच येईना. वॉचमन मला मागे खेचत होता, "मॅडम, छोडो, मर जायेगा."

"मारने दो भाई," हे रक्त थुंकत म्हणाले. "मैं इसको डुबा रहा था."

माझा हात वरच राहिला. म्हणजे ह्यांना पाण्यात सगळं कळत होतं. मग मी त्यांच्या छातीवरच कोसळले आणि मोठ्याने रडले.