आबांची टर्की

माझे सासरे, आमचे आबा, वालचंदनगरच्या कारखान्यातून निवृत्त होऊन बारामतीला आमच्याकडे राहायला आले. गेल्या हिवाळ्यात इंदापूरजवळ पक्षी पाळणाऱ्या एका मित्रानं त्यांना साफ करून गोठवलेली अख्खी टर्की दिली. आबांनी ती बर्फात घालून एसटीनं मांडीवर धरून आणली आणि कारखान्यातल्या दोन जुन्या सोबत्यांना रविवारी जेवायला बोलावून टाकलं. शिजवायची मी, हे त्यांनी मला विचारलं नाही. सांगितलं.

मी घरी केकच्या ऑर्डरी घेते, त्यामुळे मोठा ओव्हन होता. टर्कीचा अनुभव मात्र कुणालाच नव्हता. आबांच्या मते ती मोठी कोंबडीच. रात्री ओट्यावर ठेवायची आणि सकाळी नळाखाली धुवायची. माझा नवरा एमआयडीसीत दूध तपासतो, त्याला सगळ्या जगात जंतूच दिसतात. आतला बर्फ वितळेपर्यंत बाहेरचं मांस खराब व्हायला लागतं, असं त्यानं वडिलांना समजावलं. मग टर्की परातीत बसून फ्रिजच्या तळाच्या कप्प्यात दोन-तीन दिवस राहिली आणि माझी भाजी, दही, लोणी शेजारणीकडे मुक्कामाला गेलं.

रविवारी नळाला त्यानं हात लावू दिला नाही; कच्च्या मांसाचे शिंतोडे ओटाभर उडतात म्हणे. मी पक्षी कागदानं टिपून घेतला, दही, आलं-लसूण आणि काळा मसाला चोळला आणि ओव्हनमध्ये सरकवला. तोवर नवऱ्यानं मला इतक्यांदा साबणानं हात धुवायला लावले की मसाल्याचा वासही बोटांना उरला नाही.

पाहुणे आले तेव्हा टर्की छान तांबूस झाली होती. आबांनी ती शिजल्याचं जाहीर केलं. नवऱ्यानं नवा थर्मामीटर काढला आणि हाडाला लागू न देता मांडीच्या जाड भागात खुपसला. काटा साठ अंशांच्या आसपास होता. चौऱ्याहत्तर व्हायला हवं, असं म्हणून त्यानं टर्की परत आत ढकलली. पाहुण्यांनी पुन्हा चहा घेतला.

"रंग बघ की," आबा म्हणाले. "आजून काय ऱ्हायलंय?"

"आबा, कारखान्यात तुमी मशीन रंग बघून सोडत होता का?"

आबांनी चष्मा लावला, त्याच्या हातातून थर्मामीटर घेतला आणि ओव्हनसमोर खुर्ची टाकली. सोबती बाहेर जुन्या गोष्टी सांगत होते, आबा त्यात नव्हतेच. मांडीत चौऱ्याहत्तर झाल्यावर नवऱ्यानं सुटकेचा निःश्वास सोडला. आबांनी दुसरी मांडी तपासली, मग छातीचा जाड भाग तपासला आणि अजून पाच मिनिटं ठेवायला लावली. बाहेर काढल्यावरही लगेच कापू दिली नाही. पाहुणे ताटावर बसून होते.

शेवटी सगळे पोटभर जेवले. छाती जराशी कोरडी झाली होती. ती सगळ्यांनी रश्शात बुडवून खाल्ली, कुणीच तक्रार केली नाही. उरलेलं मांस आबांनी स्वतः डब्यात भरून फ्रिजमध्ये ठेवलं.

संध्याकाळी त्यांनी इंदापूरच्या मित्राला फोन लावला आणि टर्की कशी करायची, हे बराच वेळ ऐकवलं. माझा त्यात उल्लेखही नव्हता. फोन ठेवता ठेवता म्हणाले, "आमचं पोरगं लई चिकित्सक हाय. म्हनून नीट झाली."

नवरा आतल्या मोरीत सुरी घासत होता. ती केव्हाच स्वच्छ झाली होती, तरी तो घासत राहिला.