बिनविस्तवाची पेटी

मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारी बाई नाही. हे आधी सांगते, कारण पुढचं वाचून कुणालाही तसं वाटेल. आमच्या घरात देव्हारा नाही. धम्मदीक्षा घेतली तेव्हा माझ्या सासूबाईंनी घरातले सगळे देव टोपलीत घालून स्वतःच्या हातानं गोदावरीत सोडले होते. उतारा, नजर, अंगात येणं... काही चालत नसे. कुणी दारावर बांधायला लिंबू-मिरची दिली, तर त्या मिरची ठेच्यात घालायच्या आणि लिंबाचं सरबत करायच्या. त्यांना मी आत्या म्हणत असे.

शेजारच्या विमलवहिनींकडे एक मासिक येतं. त्यात लोक असे अनुभव लिहून पाठवतात. मी ते वाचते, पण पाठवायचा धीर मला नाही. चौथी शिकलेली बाई मी, चार माणसांत बोलायचं म्हटलं तरी आवाज फुटत नाही. हे घरात ठेवायलाच लिहिते आहे. पण समोर कुणी वाचणारं आहे असं धरल्याशिवाय लिहिता येत नाही, म्हणून तसं लिहिते.

आम्ही नाशिक रोडला रेल्वेलाइनच्या अलीकडच्या वस्तीत राहत होतो. दोन खोल्या, वर पत्रे. आमचे हे एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात कोळशाच्या खात्यात कामाला. सायकलनं जायचे-यायचे. घरात आम्ही दोघं आणि आत्या. मूलबाळ नाही. बहात्तरचा दुष्काळ सरला होता, पण रॉकेलच्या रांगा सरल्या नव्हत्या. डबा घेऊन उभं राहायचं आणि आपला नंबर आला की टाकी संपायची.

त्या वर्षी महिला मंडळात एक बाई पेटीतला स्वयंपाक शिकवायला आल्या. खोक्यात पेंढा ठासून भरायचा, मधे पातेल्याएवढा खळगा ठेवायचा. डाळ-तांदूळ स्टोव्हवर उकळायचे आणि झाकण न काढता पातेलं तसंच खळग्यात बसवायचं. वर पेंढ्याची उशी, तिच्यावर फळी, फळीवर वीट. मग कामाला निघून जा. अन्न आपल्याच उबेवर सावकाश शिजतं.

हंगामात मी द्राक्षं भरायला जात असे, तिथून एक मोठं लाकडी खोकं मागून आणलं. पहिल्या दिवशी तूरडाळ टाकली. संध्याकाळी उघडली तर डाळ दाताखाली कचकच वाजली. दुसऱ्यांदा पाणी जास्त झालं, कारण चुलीवर आटतं तसं ते पेटीत आटत नाही. तिसऱ्यांदा मला राहवेना, मधेच झाकण उघडून पाहिलं आणि सगळी वाफ गेली.

आत्या दारात बसून बघायच्या. "धूर नाय, विस्तव नाय, आन म्हणे शिजतंय. कोंबडीवानी डाळ उबवती का काय गं, शेवंते?"

हे हसले. "आई, तू मला असंच उबवलंस की. मग डाळीला का नावं ठेवती?"

त्यांच्या बोलण्याला कारण होतं. हे सातव्या महिन्यात जन्मले होते, ऐन थंडीत. जगणार नाहीत असं सगळ्यांनी धरलं होतं. आत्यांनी त्यांना उघड्या पोटाशी धरून वर लुगडं गुंडाळलं आणि सगळा हिवाळा तसा काढला, असं सगळे सांगत.

"तू डाळ हायेस व्हय, दामू?" आत्या म्हणाल्या. "बिनविस्तवाचं मी नाय खायची. तुम्ही दोघं खा."

आणि खरंच तेव्हा त्यांनी पेटीतलं खाल्लं नाही. त्यांच्यापुरती भाकरी मी वेगळी टाकायची. मला मात्र पेटी जमली. आधी मसूर, मग मूग-तांदूळ, मग रात्रभर भिजवलेली मटकी. हे पाळीवरून आले की नळावर हात धुवायचे, तरी रेघांमधला कोळसा जात नसे. मग वीट उचलून स्वतः वाढून घ्यायचे. गार अन्न त्यांना चालत नसे, आणि पेटी आल्यापासून ते कधी गार जेवले नाहीत.

पुढच्या हिवाळ्यात एकदा सकाळी जाताना म्हणाले, "आज मसूरभात ठेव." मी ठेवला. दुपारी घरी येताना वाटेतच ते सायकलवरून खाली पडले. कशाला धडकले नाहीत, कुणी धक्का दिला नाही. छातीत कळ आली असावी, असं डॉक्टर म्हणाले. उचलून नेईपर्यंत संपलं होतं.

मयताच्या घरी चूल पेटवत नाहीत. देव सोडले तरी ही रीत आमच्यात राहिली आहे. शेजारणी पिठलं-भाकरी आणून देत. मला घास घालत, मी गिळत असे. आत्यांनी मात्र तोंड मिटून घेतलं. पाण्यानं ओठ ओले करायच्या, बस. राख सावडून माणसं आली तरी तेच. विमलवहिनी माझ्या कानात म्हणाल्या, "म्हातारीला काही तरी चार गं. नाही तर पुन्हा हीच माणसं गोळा होतील."

तेव्हा मला कोपऱ्यातली पेटी दिसली. मसूरभात तसाच आत राहिला होता. नासला असणार, लोक बसलेत तोवर बाहेर टाकून यावा म्हणून मी वीट काढली, उशी उचलली आणि पातेल्याला हात घातला... आणि ओढून घेतला. बोटं भाजली होती.

झाकण काढलं तर वाफ आली. आंबूस वास नाही, बुरशी नाही. सकाळी ठेवून दुपारी उघडावा तसा भात. पेटीत सकाळचं संध्याकाळपर्यंत गरम राहतं, फार तर रात्रीपर्यंत कोमट. इतके दिवस नाही राहत.

आत्या उठून बसल्या होत्या. "त्याच्या वाटचं हाय ते," त्या म्हणाल्या. "आन इकडं."

त्यांनी ताटलीभर भात खाल्ला. मी रडत होते आणि बघत होते. माणूस जेवतं आहे, यापुढे मला दुसरं काही सुचलं नाही.

त्या दिवसापासून आत्या फक्त पेटीतलं खाऊ लागल्या. मी रोज सकाळी उकळी आणून पातेलं आत ठेवायची. आत्यांनी आपली गोधडी, त्यांच्याच जुन्या लुगड्यांची, पेटीवर घातली. "त्याचं जेवण गार व्हाया नको." मी त्यांना दुसरं पांघरूण दिलं, वर घोंगडी दिली. दिवसभर त्या पेटीला पाठ लावून बसत. संध्याकाळी कधीही उघडा, चटका बसेल असं अन्न. दुसऱ्या दिवशी उघडा, तरी तसंच.

माझा भाऊ ओझरच्या विमानांच्या कारखान्यात होता. तो आला तेव्हा मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, पेंढा ओला असेल. उकिरडा नाही का आतून वाफाळत? त्यात काही नाही." त्यानं सगळा पेंढा बाहेर काढला. कोरडा खडखडीत होता. तरी त्यानं नवा आणून भरला. दुसऱ्या दिवशी स्वतः हात घातला आणि बोटं फुंकत उभा राहिला. नंतर त्यानं तो विषय कधी काढला नाही.

आत्यांचे हात गार पडतात, हे मला पहिल्यांदा त्यांची वेणी घालताना कळलं. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि लुगड्यातून गारवा आत आला. मला वाटलं थंडी आहे. पण थंडी गेली, होळी झाली, पत्रे तापायला लागले, तरी हात तसेच. मग पाय. मग मानेशीसुद्धा. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी नाडी पाहिली, काखेतला थर्मामीटर झटकून पुन्हा लावला. म्हणाले, "रक्त कमी आहे, आजी. जेवता ना?"

"पोटभर," आत्या म्हणाल्या. आणि ते खरं होतं.

मग एकदा रॉकेल अजिबात मिळालं नाही. घरात काडी नाही की कोळसा नाही. मी विमलवहिनींकडे मागायला निघाले तर आत्या म्हणाल्या, "कुठं जाती? तांदूळ धू, पाणी घाल आन ठेव."

"आत्या, उकळी नको का?"

"ठेव तू."

म्हातारीचं मन मोडू नये म्हणून ठेवलं. नळाचं गार पाणी, कच्चे तांदूळ, मूठभर मूग. वर फळी, वीट, गोधडी. दुपारी विमलवहिनी सहज आल्या होत्या. त्यांच्यासमोरच मी पेटी उघडली. भात मऊ शिजला होता, मूग फुटले होते. विमलवहिनींना वाटलं मी सकाळी उकळून ठेवला असेल. "छान झालाय गं," म्हणाल्या आणि निघताना आत्यांच्या पाया पडल्या. उठल्या त्या पदराला हात पुसत. "आत्याबाईंचे पाय असे कसे? नुकते माठातून काढल्यासारखे."

मी त्या भाताकडे बघत राहिले. विस्तव नव्हता. मग ऊब आली कुठून?

त्या दिवशी मी ठरवलं, पेटी बंद. पण बंद केली तर आत्या खाणार नाहीत. आणि चालू ठेवली तर... ते शब्दांत मांडायचं धाडस मला तेव्हा झालं नाही. मग मी लबाडी केली. विमलवहिनींकडे स्टोव्हवर खिचडी केली, पदराखाली झाकून आणली, आत्या नळावर गेल्या तेव्हा पेटीत ठेवली आणि लगेच काढून वाढली.

आत्यांनी एक घास तोंडात घेतला आणि तो ताटलीत परत ठेवला. "ही विस्तवावरची हाय."

"नाही आत्या, पेटीतलीच..."

"शेवंते, तुला खोटं बोलता येत नाय. उगा कशाला बोलती?" त्या रागावल्या नव्हत्या. त्यांनी माझा हात हातात घेतला, तो गारवा मला खांद्यापर्यंत गेला. "मला ठाव हाय ऊब कुठून जाती ती. तू नको भिऊ."

"मग बंद करू या. माझ्यासाठी तरी. मला आता कोण आहे?"

त्यांनी पेटीवरची गोधडी सारखी केली. मग म्हणाल्या, "एवढासा होता. समदे म्हणायचे, गार पडला, टाक खाली. म्या नाय टाकला. आता कशी टाकू?"

मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पातेलं आत ठेवलं. त्याच्या पुढच्या दिवशीही ठेवलं.

चैत्र संपत आला होता. पत्र्याखाली माणूस बसू शकत नव्हतं, सगळी वस्ती घरं सोडून बाहेर लिंबाच्या सावलीत होती. आत्या आतच, पेटीला टेकून, अंगावर घोंगडी. मी पाणी द्यायला गेले तर मान कलली होती. हात लावला, तर हाताला काही फरक कळला नाही. त्या आदल्या दिवशीही इतक्याच गार होत्या. म्हणून मला वेळ सांगता येत नाही. केव्हा गेल्या, ते कुणालाच सांगता आलं नसतं.

पुन्हा चूल बंद. पुन्हा शेजारणींची पिठलं-भाकरी. त्यांची गोधडी मी त्यांच्याबरोबरच पाठवली. माणसं घेऊन गेल्यावर मी पेटी उघडली. रॉकेल मिळालं नव्हतं, म्हणून सकाळी उकळी न आणताच ठेवलेलं पातेलं होतं. पाणी गार. तळाशी तांदूळ, धुऊन टाकले होते तसे, एक एक दाणा वेगळा.

भाऊ म्हणतो, दुःखात माणसाला भास होतात, तू उकळी आणून विसरली असशील. म्हातारी थकली होती. असेल तसंही. मी वाद घालत नाही. आता घरात गॅस आहे, आणि भाताखाली जाळ दिसतो आहे ना, ते मी वाकून बघते.

पण एक राहिलं, ते भावालाही सांगितलेलं नाही. आत्या गेल्यानंतरचा जलदानाचा विधी झाला तेव्हा घरी पाहुणे होते, त्यांच्या अंघोळीला पाणी हवं होतं. मी खोकं कुऱ्हाडीनं फोडलं आणि फळ्या न्हाणीच्या चुलीत हंड्याखाली घातल्या. कोरडं लाकूड, चांगलं भडकलं. मी समोर बसून होते, माझ्या तोंडाला झळ लागत होती. सगळ्या फळ्या जळून राख झाल्या. मग मी उठून हंड्यात हात घातला.

पाणी गारच होतं.