राजपुत्र डावखुरा नव्हता

दादा, नामपूरच्या स्टँडवर तू माझी बॅग एस्टीत चढवलीस, तेव्हा आई खिडकीखाली उभी राहून एकच घोकत होती, "मांगे बसू नको वं, धक्का लागतस." मी कॉलेजसाठी नाशिकला निघाले होते. रडू फुटू नये म्हणून नुसती ड्रायव्हरच्या मानेकडे बघत बसले. आता इथं फ्लॅट आहे, नोकरी आहे, आणि अहिराणी फक्त आईच्या फोनपुरती उरलीय.

परवा माझ्या पोरानं टीव्हीवर तो जुना सिनेमा लावला. गणपतीत मंडळ आपल्या गल्लीत आडवा पांढरा पडदा बांधून दाखवायचं ना, तोच. उडता घोडा, एकडोळ्या राक्षस, तलवारवाला राजपुत्र. राक्षसाच्या रबरी हाताची शिवण दिसली आणि पोरगं खो खो हसलं. हसू दे. घोड्याची दोरी दिसते, डोंगर पुठ्ठ्याचा आहे, पण राजपुत्र दरीवरून झेप घेतो तेव्हा मी अजून खुर्चीची कड घट्ट धरते. पोरगंही तिथं हसायचं विसरलं. सिनेमा टिकलाय.

पण मी ताडकन उठले. तलवार उजव्या हातात! माझ्या लेखी राजपुत्र जन्माचा डावखुरा. गुहेच्या दारावरची अक्षरं मी राक्षसांची भाषा समजत होते, ती साधी हिंदी निघाली: आत येणारा दगड होईल. म्हणून तो दारात थबकतो होय! मी आयुष्यभर त्याला भित्रा म्हणत आले.

कारण तुम्ही पुरुष पडद्यासमोर बसायचात आणि आम्ही बायका-पोरी पडद्यामागं. आम्हाला सगळंच उलटं दिसायचं. एकदा मी कुरकुरले तर आई म्हणाली, "दिखस ना? मंग बस गुपचूप."

अंगाची नुसती लाहीलाही झाली. तुला फोन केला, तर तू खुशीत. "यंदा पुन्हा तोच लावतोय तायडे. बायकांना मागं खुर्च्या पण टाकतोय."

खुर्च्या! अरे, डोक्यावर पडलास का? तुझी सायली चौथीत आहे, घडाघडा वाचते. तिनंही उलटी अक्षरं बघायची? "पद्धत आहे," म्हणे. कसली डोंबलाची पद्धत? पडदा तूच बांधतोस ना, अध्यक्षसाहेब?

नाशकात मला कुणी मागं बस म्हणत नाही. तरी सुट्टी लागली की तोंडातून निघतं, घरी जाते, आणि ते घर म्हणजे नामपूरच. म्हणून तर जास्त चीड येते. परक्यांनी मागं बसवलं असतं तर उठून चालू पडले असते. आपल्याच गल्लीतून उठून जायचं कुठं?

तुझा फोन ठेवला आणि आईला लावला. विचारलं, राजपुत्र तलवार कोणत्या हातात धरतो गं? "डावा," ती पटकन म्हणाली. आपली आई म्हातारी झाली दादा, आणि तिनं अजून तो समोरून पाहिलेला नाही.

मी येतेय. आईला आणि सायलीला घेऊन पडद्यासमोर पहिल्या रांगेत बसणार आहे. उठवायचं असेल तर दुसऱ्या कुणाला पाठवू नकोस. तू स्वतः ये, आणि आईला सांग, मागं जा म्हणून.