पायानं पुसलेली फक्की

सोलापुरात घर बांधताना मी खिळ्यापर्यंतचा खर्च एक्सेलमध्ये मांडला होता. वरची माझी लिहायची खोलीही त्यात बसली होती. विटांचा ट्रॅक्टर घेऊन आलेल्या माणसाला मी तो हिशेब मोबाईलवर कौतुकानं दाखवला. त्यानं तिकडं पाहिलंच नाही. उकिडवा बसून तो पाया आखलेली चुन्याची पांढरी फक्की न्याहाळत राहिला.

"सायेब, ह्ये कितव्यांदा आखलंय?"

"तिसऱ्यांदा. स्वयंपाकघर जरा सरकवलं."

"आदीचं पुसलं कुणी?"

"मीच, पायानं."

"मग वरची खोली इसरा की. खर्च मोबाईलात न्हाय, तुमच्या पायात हाय."

मी मनसोक्त हसलो. पुढं उभी राहिलेली भिंतही मी दोनदा पाडून सरकवली.

आज आमचा जिना थेट आभाळात उघडतो. त्या माणसाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. पण हल्ली नवं काही सुचलं, की मी आधी घट्ट मांडी घालून बसतो.