खंडेनवमीला धुतलेल्या नळ्या

काकुळते सरांना जीवाणूंची शिसारी होती. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विभागप्रमुखाला हे शोभत नाही, पण काय शोभतं याचं त्या माणसाला कधी सोयरसुतक नव्हतं. बाकावर जरा चिकट काही दिसलं की नाकाला रुमाल. अशा माणसाच्या हाताखाली हर्षाली पीएचडी करत होती.

ती मखमलाबादच्या फूलशेतीवाल्या घरातली. ठिबकच्या नळ्या आतून बुळबुळीत थराने तुंबतात, हे तिने शाळेत असल्यापासून पाहिलेलं. त्या थरातले दोन जीवाणू एकेकटे नळीला नीट धरत नाहीत, एकत्र आले की घट्ट बसतात, असं तिचं म्हणणं. तेच दाखवायला तिने नळीचे तुकडे काचेच्या भांड्यात पाण्याखाली ठेवून त्यांवर थर वाढवला होता. त्यात अर्धं वर्ष गेलं. शिष्यवृत्ती डिसेंबरात संपणार होती. तो थर म्हणजेच तिची पदवी.

२००४ची खंडेनवमी. विभागात उपकरणांची पूजा, आणि झेंडू आणायला सरांनी अर्थातच हर्षालीला सांगितलेलं. घरचा, म्हणजे फुकटचा. ती पाटी घेऊन आली तेव्हा तिच्या नळ्या टेबलावर ओळीने मांडलेल्या होत्या, कोरड्या ठणठणीत. प्रत्येकीवर हळदकुंकू.

"किती घाण साचली होती गं," सर म्हणाले. "मीच धुतल्या फिनाईलने. पूजेला असलं ठेवतात का?"

हर्षालीने झेंडूची पाटी तिथेच खाली ठेवली.

दसरा झाल्यावर सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. मीही सरांचाच विद्यार्थी; माझ्या अहवालावर त्यांची सही घ्यायला तिथेच उभा होतो.

"तोंड पाडून बसू नकोस. हळदीने थर गेला, असं लिहू. आयुर्वेद आला, शेतकरी आला. लोक डोक्यावर घेतील."

उभ्या नाशकात इतका निर्लज्ज माणूस मी पाहिलेला नाही. स्वतः खाल्लेल्या मातीचाही याला मान हवा होता.

हर्षाली म्हणाली, "सर, थर फिनाईलने गेला. आणि ते तुम्ही ओतलंत. एवढंच लिहू शकते मी."

तिच्या मुदतवाढीच्या अर्जावर सरांनी सही केली नाही. ती आता नांदगावला शाळेत विज्ञान शिकवते. हळदीचा विषय सरांनी समर्थ या त्यांच्या दुसऱ्या विद्यार्थ्याला दिला. सरांची बॅग उचलण्यापलीकडे त्याने विभागात काही केल्याचं मला आठवत नाही. आज तो डॉक्टर आहे. त्याच्या प्रबंधात थर हळदीनेच गेला आहे, आणि दोन्ही परीक्षकांनी त्यावर सह्या केल्या आहेत.